आईला सांग

पोवार बाई शुद्धलेखन घालत होत्या. सातवी ब, दुपारच्या सुट्टीनंतरचा तास. ‘नदीच्या काठी एक’ एवढं मी लिहिलं आणि पुढचा शब्द आलाच नाही. बाई थांबल्या असतील म्हणून मी पेन धरून बसून राहिले. शेजारची शैला मात्र लिहीत होती. पुढच्या बाकावरच्याही लिहीत होत्या. मी मान वर केली, तर बाईंचे ओठ हलत होते.

मग लक्षात आलं, पंख्याचाही आवाज नाही. आमच्या शाळेच्या मागल्या भिंतीला लागून यंत्रमागाचे कारखाने होते. इचलकरंजीत ते नाहीत अशी जागा सापडायची नाही. दिवसभर खटखट खटखट चालू असायची. तीही नव्हती. मला वाटलं, वीज गेली. पण पंखा तर फिरत होता.

बाई बाकाशी आल्या. कोऱ्या वहीवर त्यांनी बोट आपटलं. काहीतरी विचारलं. मी बघत राहिले. पुन्हा विचारलं, आणि मग माझा कान धरून पिळला. दुखलं चांगलंच, पण बाईंचे शब्द काही आले नाहीत. मग त्या माझ्या मागं गेल्या. शैलानं नंतर सांगितलं, बाईंनी लाकडी पट्टी माझ्या डोक्यामागं दोनदा बाकावर हाणली, सगळा वर्ग दचकला आणि मी तशीच फळ्याकडं बघत बसले. पुढं आल्या तेव्हा बाईंचा चेहरा उतरला होता.

शिपाईमामांबरोबर मला घरी पाठवलं. सोबत चिठ्ठी दिली.

आई दारातच चरख्यावर कांड्या भरत बसली होती. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसवायची सुताची छोटी गुंडाळी. आमच्या आळीत बहुतेक बायका हेच काम करत. मी वेळेआधी आलेली बघून तिनं चाक थांबवलं. चिठ्ठी घेतली. मिरजेच्या मूकबधिर शाळेत ती चौथीपर्यंत शिकली होती, त्यामुळं एकेका शब्दावर बोट ठेवत वाचायची. ‘हेमलताला ऐकू येत नाही. डॉक्टरांना दाखवावे.’ तीन वेळा तिचं बोट त्या ओळीवरून फिरलं.

माझी आई जन्मापासून बहिरी. बाबाही. ऐकू येणारी घरात मी एकटी.

आईनं हातांनी विचारलं, ‘ऐकू नाही?’

मी मान हलवली.

‘कधीपासून?’

‘दुपारपासून.’

आई उठली आणि फळीवरचं पितळी ताट घेऊन आली. मी पाळण्यात होते तेव्हा तीन महिने तिनं हाच उद्योग केला होता म्हणे. रोज माझ्या मागं ताट पाडायचं आणि मी दचकले की हसत सुटायचं. पोर आपल्यासारखी निघाली नाही, याचा तिला एवढा आनंद होता की सगळ्या आळीला बोलावून ती माझं दचकणं दाखवायची. आता तिनं मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं आणि मागं ताट पाडलं. मी वळले. तिचा चेहरा एकदम फुलला.

मी सांगितलं, ‘जमिनीतून कळलं. पायाला.’

ते कसं कळतं हे तिला सांगायची गरज नव्हती. तिलाही ताट पडलेलं तसंच कळायचं.

शेजारच्या मालनमावशीनं लसूण घालून तेल गरम केलं, दोन्ही कानांत सोडलं. मी कुशीवर पडून राहिले. मावशी बडबडत होती, हे तिच्या गालांवरून कळत होतं. आणि खरं सांगते, त्याला आता पस्तीस वर्षं झाली म्हणून सांगते, मला त्या वेळी भीती वाटत नव्हती. बरं वाटत होतं. अंगावरून ओझं काढून कोणीतरी बाजूला ठेवावं तसं.

संध्याकाळी बाबा कारखान्यातून आले. बाबा उत्तम विणकर. मागावर तळवा टेकला की कुठला धागा तुटायला आलाय ते त्यांना समजायचं. मागांच्या आवाजानं कामगारांचे कान बसतात. मालक बाबांबद्दल गमतीनं म्हणायचे, यशवंताला त्याची काळजी नाही. पण त्या वर्षी बाबा फार वाळले होते. दोन महिन्यांपासून त्यांना घास उतरत नव्हता. सांगलीला एका मोठ्या इस्पितळात नेलं होतं, नळी घालून तपासणी झाली होती. पोटात उष्णता झाली आहे, औषधानं बरं वाटेल, असं मी आईला सांगितलं होतं.

त्यामुळं आमची जेवणं म्हणजे रोजची लढाई झाली होती. आई दुधात भाकरी कुस्करून बाबांपुढं ठेवायची आणि समोर मांडी घालून बसायची.

‘खा.’

‘नको.’

‘औषध चालू आहे ना? मग का खात नाहीस? हट्टी आहेस. लहान मुलासारखा.’

बाबा एक घास घ्यायचे. मान ताणून गिळायचे. डोळ्यांतून पाणी यायचं. मग उठून मोरीकडं पळायचे. आई रागानं ताट सरकवायची आणि माझ्याकडं वळून म्हणायची, ‘बघितलंस? बरं व्हायचंच नाही ह्याला.’ मी खाली बघायचे. आमच्या घरात खाली बघितलं की बोलणं संपायचं.

त्या दिवशी मात्र आई बाबांशी भांडली नाही. दोघंही माझ्याकडं बघत बसले. बाबांनी माझ्या कानामागून हळूच बोट फिरवलं आणि आईला विचारलं, ‘आपल्यामुळं?’

आई उठून माझं अंथरूण घालू लागली.

* * *

मी पाच वर्षांची असल्यापासून आईबाबांच्या वतीनं बोलत आले होते. रेशनच्या दुकानात, बँकेत, वीजमंडळात, सगळीकडं एकच वाक्य ऐकू यायचं: ‘आईला सांग.’ मोठी माणसं आईकडं न बघता माझ्याकडं बघून बोलायची आणि शेवटी म्हणायची, आईला सांग. मला त्याचा गर्व होता. काउंटरवर हनुवटी पोचत नव्हती तेव्हापासून मी पासबुकं भरून घेत होते.

शाळेच्या पालकसभेलाही मीच दुभाषी. एकदा पोवार बाई म्हणाल्या, “तू तासाला फार बडबड करतेस, लक्ष नसतं तुझं, आईला सांग.” मी आईला सांगितलं, ‘बाई म्हणतात, हिचं सगळीकडं लक्ष असतं.’ आईनं बाईंना हात जोडले. बाईंना वाटलं, माफी मागतेय. दोघी एकमेकींवर खूश झाल्या.

असं मी बऱ्याचदा करायचे. घरमालकीण आईला काय काय बोलायची, ते मी आईपर्यंत कधी पोचू दिलं नाही. ‘मुकी असून मिजास बघा’ असं ती म्हणाली की मी सांगायचे, ‘नळाचं पाणी लवकर जाईल म्हणतात.’ आई घाईनं घागर लावायची.

* * *

तिसऱ्या दिवशी आई, मालनमावशी आणि मी सांगलीला गेलो. त्याच इस्पितळात. कानाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं, पडदे ठीक आहेत म्हणाले आणि खालच्या मजल्यावर कानाची तपासणी करणाऱ्या बाईंकडं पाठवलं. तिथं जे बोलणं झालं ते मला तेव्हा ऐकू आलं नव्हतं, पण मालनमावशीनं पुढं ते इतक्या वेळा सांगितलं की आता मीच ते ऐकल्यासारखं वाटतं.

निमकर मॅडम वयानं फार नव्हत्या. पंचविशीच्या असतील. जाड काचांचा चष्मा आणि वेणीला साधा काळा दोरा. त्यांनी मला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, कानांवर मोठे जाड गोळे चढवले आणि वहीत लिहून दाखवलं: ‘आवाज आला की बटण दाब. अगदी बारीक आला तरी.’ मी बटणावर अंगठा ठेवून बसले. एकदाही दाबलं नाही. मध्येच त्यांनी काचेतून माझ्या डोळ्यांकडं निरखून बघितलं, काहीतरी फिरवलं, पुन्हा बघितलं.

बाहेर येऊन त्या मावशीला म्हणाल्या, “हिचे कान चांगले आहेत.”

“चांगलं कसं? ऐकू येईना झालंय की पोरीला!”

“मोठा आवाज अचानक सोडला तर डोळे मिटतात तिचे. आवाज आत पोचतोय.”

मावशीनं कपाळाला हात लावला. “म्हणजे सोंग करतीया व्हय? अगं भवाने, तुझ्या आईनं दोन दिस पाणी घेतलं न्हाई तोंडात!”

“सोंग नाही मावशी,” निमकर मॅडम म्हणाल्या. “सोंग करणारं मूल अशा वेळी आपल्याकडं चोरून बघतं. ही बघत नाही. तिला खरंच ऐकू येत नाहीये.”

“आवाज पोचतोय म्हणता, ऐकू येईना म्हणता. हे काय बोलणं झालं बाई?”

“मी जरा तिच्याशी एकटी बोलते. तुम्ही दोघी चहा घेऊन या.”

मावशी गेली. आई गेली नाही. दाराबाहेरच्या बाकावर, काचेतून मी दिसेन अशी बसली.

मॅडमनी खुर्ची माझ्याजवळ ओढली, वही दोघींच्या मध्ये ठेवली आणि लिहिलं: ‘तुझे कान छान आहेत. आणि तुला ऐकू येत नाही हेही खरं आहे. तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे.’

मी लिहिलं, ‘असं होतं?’

‘होतं. तुझ्याएवढ्या दोन मुली मी बघितल्यात.’

‘त्या बऱ्या झाल्या?’

‘झाल्या.’

मग त्यांनी विचारलं, घरी कोण कोण आहे, आईशी लोक कसे बोलतात. मी भराभर उत्तरं लिहिली. रेशन, बँक, पालकसभा. त्या हसल्या. मग लिहिलं, ‘लोक जे जे म्हणतात, ते सगळं तू आईला सांगतेस?’

मी ‘हो’ लिहिलं. मग ते खोडलं.

त्यांनी वही आपल्याकडं ओढली. खाली लिहिलं, ‘जे सांगितलं नाहीस ते इथं लिही. तू म्हणेपर्यंत मी कोणाला दाखवणार नाही.’ आणि खुर्ची फिरवून त्या माझ्याकडं पाठ करून बसल्या.

तसं कोणी कधी केलं नव्हतं. माझं सगळं आयुष्य लोकांच्या नजरेसमोर गेलेलं. सांगणाराही माझ्याकडं बघायचा आणि ऐकणारीही. त्या पाठीकडं बघत मी लिहायला घेतलं.

तेवीस दिवसांपूर्वी, याच इस्पितळात वरच्या मजल्यावर, डॉक्टर बेडेकरांच्या खोलीत आम्ही दोघी बसलो होतो. बाबांना नळी घालून तपासलं होतं, ते आतल्या खाटेवर गुंगीत होते. बाहेर पन्नासेक माणसांची रांग होती. डॉक्टरांनी कागद चाळले आणि विचारलं, “घरी मोठं कोण आहे?”

“मीच,” मी म्हणाले. मला वाटलं, बोलणारं कोण असं ते विचारताहेत.

“बरं. मग आईला सांग. अन्ननलिकेत गाठ आहे. कॅन्सर आहे तो. खूप पसरलाय, ऑपरेशनचा आता उपयोग नाही. दिवाळी बघतील असं मला वाटत नाही. आईला सांग, जे आवडेल ते पातळ करून द्या, जबरदस्ती करू नका. सांग.”

आई माझ्या हातांकडं बघत होती.

तोंडानं सांगायचं असतं तर मी दुसरीकडं बघून सांगितलं असतं. हातांनी सांगताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावंच लागतं. आमच्या घरातली मरणाची खूण सोपी होती: उभं बोट आडवं करायचं. ती मी चिमणीसाठी केली होती, मालनमावशीच्या सासऱ्यासाठी केली होती. मी हात वर उचलले. बोट उभं केलं. आणि तेच बोट पोटाकडं नेलं.

‘पोटात उष्णता. औषध घ्यायचं. बरं वाटेल.’

आईनं सुटकेचा मोठा श्वास सोडला. डॉक्टरांकडं बघून ती हसली, दोन्ही हात जोडले. डॉक्टर गोंधळले. तिच्या हसण्याकडं त्यांनी दोन क्षण बघितलं. मग माझ्या डोक्यावर थोपटून म्हणाले, “हुशार आहेस,” आणि पुढच्या पेशंटचे कागद ओढले.

हे सगळं मी लिहिलं. जेवताना आई बाबांना रागावते तेही लिहिलं. बाबा घास घेऊन माझ्याकडं बघतात तेव्हा त्यांना सगळं समजलंय असं वाटतं, हेही. दोन पानं भरली. मग मी मॅडमच्या पाठीला बोट लावलं.

त्यांनी वाचलं. चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं. मग लिहिलं, ‘आईला सांग म्हणाले. आणि तुला कोणी सांगितलं?’

मला प्रश्नच समजला नाही. मी लिहिलं, ‘डॉक्टरांनी. आईला सांग म्हणाले.’

त्यांनी पान उलटलं. मग लिहिलं, ‘हे आता आईला कळायला हवं. तू सांगायचं नाहीस. मी ही वही देणार. चालेल?’

काचेपलीकडं आई बसली होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. मी किती वेळ घेतला ते आठवत नाही. मावशी म्हणायची, चहा होऊन ती परत आली तरी मी तशीच बसून होते. शेवटी मी मान हलवली.

आईनं वही मांडीवर घेतली. बोट ओळीवर ठेवलं. मी तिच्या बोटाकडं बघत होते. पहिल्या पानावर ते सरकत राहिलं. ‘कॅन्सर’पाशी थांबलं. मागं गेलं, पुन्हा तिथं आलं. दुसऱ्या पानावर जेवणाचं लिहिलं होतं तिथं पुन्हा थांबलं आणि मग पुढं सरकेचना.

मी हात उचलले. काय सांगणार होते कोण जाणे. आईनं झडप घालून माझे दोन्ही हात आपल्या मुठीत धरले आणि मांडीवर दाबून ठेवले. आमच्या घरात हात धरणं म्हणजे तोंडावर हात ठेवणं. तिनं असं मला कधी केलं नव्हतं. किती घट्ट धरलं होतं! मला वाटलं, आता मारणार. तिनं मारलं नाही. माझे हात सोडले, वही घेतली, निमकर मॅडमच्या टेबलावरची पेन्सिल घेतली आणि जिन्याकडं निघाली. मी मागं धावले, तर वळून तिनं मला बाकाकडं बोट दाखवलं. ‘बस. तू यायचं नाही.’

डॉक्टरांच्या खोलीत आई माझ्याशिवाय कधी गेली नव्हती.

तरी मी मागोमाग गेले; वरच्या मजल्यावर, डॉक्टर बेडेकरांच्या दाराबाहेर मावशीनं मला धरून बसवलं. निमकर मॅडमही वर आल्या होत्या, पण आत गेल्या नाहीत. दार बंद. रांगेतली माणसं त्या दाराकडं बघू लागली. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. मला काही कळत नव्हतं. मग दुरून, खोल विहिरीतून यावं तसं काहीतरी आलं.

आईला आवाज होता. बहिऱ्या माणसाला आवाज नसतो असं लोकांना वाटतं. शाळेत तिला गळ्यावर हात ठेवून बोलायला शिकवलं होतं. पण लग्न होऊन आली तेव्हा आळीतली पोरं तिच्या बोलण्याची नक्कल करायची, म्हणून तिनं बोलणं टाकलं ते टाकलंच. मी तिचा आवाज ऐकला होता तो फक्त ती झोपेत असताना, आणि एकदा तिचा हात भाजला तेव्हा.

“पोई!” आतून आलं. जाड, फाटका, वरखाली जाणारा आवाज. “ल्हान पोई! ल्हान पोई आए ती!”

रांगेत कोणीतरी हसलं. मी मान वळवून त्याच्याकडं बघितलं. मावशीनं माझ्या दंडाला गच्च पकडलं. “आलं? ऐकू आलं गं तुला?”

तेही आलं, अर्धवट. पाण्याखाली असताना काठावरचं बोलणं ऐकू यावं तसं.

आई आत पाऊण तास होती. रांगेतली माणसं कुरकुरली, मग गप्प झाली. दार उघडलं तेव्हा डॉक्टर तिच्याबरोबर बाहेर आले. वहीची चार पानं त्यांच्या अक्षरानं भरलेली होती. मोठं, सुटं अक्षर, लहान मुलांना लिहून देतात तसं. ते माझ्यासमोर खाली वाकले आणि काहीतरी म्हणाले. त्यातलं “चुकलं माझं” एवढंच मला समजलं. पुढं दुसऱ्या कोणाला सांगायचं नाही, असं डॉक्टरांचं बोलणं मला पहिल्यांदा मिळत होतं. त्याचं काय करायचं ते कळेना, म्हणून मी नुसती मान हलवली.

निमकर मॅडमनी पंधरा दिवसांनी परत बोलावलं. कान पूर्ण मोकळे व्हायला महिना गेला. कधी यायचं, कधी जायचं.

त्या दिवशी येताना एसटीत आई खिडकीशी बसली आणि जयसिंगपूर येईपर्यंत तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मालनमावशी पुढच्या बाकावर झोपली होती. स्टँडवर गाडी थांबली तेव्हा आई वळली.

‘तेवीस दिवस मी त्याला जबरदस्तीनं खायला घातलं. रागावले. तू बघत होतीस.’

‘हो.’

‘माझे दिवस होते ते. तू घेतलेस.’

मी खाली बघणार होते, पण तिनं हनुवटी धरून माझा चेहरा वर केला. ‘बघ. मला राग आहे. जाईल. पण आजपासून दवाखान्यात तू माझ्याबरोबर यायचं नाहीस. बँकेत ये. रेशनला ये. दवाखान्यात नाही.’

‘मग तू कशी...’

तिनं वही दाखवली.

तिनं ते पाळलं. पुढं कितीतरी वेळा ती सांगलीला एकटी गेली, वही घेऊन. बाबांनी ती दिवाळी बघितली. संक्रांतही बघितली. माघात गेले. शेवटचे महिने आईनं त्यांना एकदाही खा म्हटलं नाही. त्यांना उसाचा रस आवडायचा, तो ती गाळून चमच्यानं द्यायची आणि ते जेवढा घेतील तेवढा. पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचं आहे ते त्या दिवशी संध्याकाळचं.

घरी पोचलो तेव्हा बाबा कारखान्यातून येऊन अंथरुणावर टेकले होते. आईनं मला बाहेरच्या पायरीवर बसवलं आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्यांच्या घरी आईबाप दार लावून बोलले तरी मुलांना काहीतरी ऐकू येतं. आमच्याकडं दार लागलं की संपलं. मी दाराला कान लावला. कान अजून धड नव्हता. तरी आईच्या बांगड्या वाजत होत्या. खळखळ, थांबून खळखळ. मग भराभर, आणि मग अजिबात नाहीत. किती तरी वेळ. समोरच्या घरी दिवा लागला. मालनमावशी भाकऱ्या थापायला बसली.

दार उघडलं आणि बाबा बाहेर आले. तोंड धुतलेलं होतं, केस ओले होते. माझ्याशेजारी पायरीवर बसले. त्यांच्या बोटांवर मागाच्या सुतानं चिरलेल्या बारीक रेघा होत्या.  मग माझ्याकडं वळले.

‘तुला एक सांगायचं आहे.’

मी मान हलवली.

‘मला आजार झालाय. इथं.’ त्यांनी छातीच्या मधोमध बोट ठेवलं. ‘मोठा आहे. औषधानं जाणार नाही.’ ते सावकाश सांगत होते, मला हातांची भाषा नव्यानं शिकवत असल्यासारखं. मग त्यांनी बोट उभं केलं आणि आडवं केलं. ‘मी मरणार आहे. लगेच नाही. थोडे दिवस आहेत.’

‘मला माहीत आहे,’ मी म्हणाले.

‘माहीत असेल. पण मी सांगितलं नव्हतं. तुला सांगायचं काम माझं.’

निमकर मॅडमनी वहीत जे विचारलं होतं, ते तेव्हा मला कळलं. ती गोष्ट तेवीस दिवस माझ्याकडं होती, पण ती आईची म्हणून. मला ती कोणी दिलीच नव्हती. आता बाबा माझ्या डोळ्यांत बघत होते, आणि ते सांगणं पुढं कोणापर्यंत नेऊन पोचवायचं नव्हतं. ते माझं होतं.

मी रडायला लागले. आधी तोंड दाबून, मग मोठ्यानं, भोकाड पसरून. सहा-सात वर्षांची असतानाही कधी रडले नव्हते तशी. मला माझाच आवाज ऐकू येत होता. बाबांनी मला ओढून घेतलं आणि त्यांना माझं रडणं छातीतून लागत असावं, कारण त्यांचा हात त्याच तालात माझ्या पाठीवर पडत होता.

आळी बाहेर आली. मालनमावशी पिठाच्या हातांनी धावली. घरमालकीण माडीवरून वाकली. कोणीतरी विचारलं, “काय झालं गं हेमा? काय म्हणतोय तुझा बाप?”

सगळे माझ्याकडं बघत होते. मी डोळे पुसले आणि तोंड उघडणार, तेवढ्यात आई दारातून बाहेर आली. ती आमच्या पुढं जाऊन उभी राहिली, पदर खोचला आणि आळीकडं तोंड करून आपल्या हातांनी, आपल्या त्या फाटक्या आवाजानं, त्यांना सांगू लागली.